हस्ते पंचफुला

शेगाव, १२ जुलै १९६७

चि. केसर,

अन्नपूर्णाचा आशीर्वाद. तुम्ही सगळी एस.टी.त बसून वरवट बकालला गेलात आणि घर एकदम रिकामं झालं. आमचे हे म्हणाले, "गेली का तुही बहीण? आता मले चहात दूध भेटन." मस्करी आहे, मनावर घेऊ नकोस. पण त्यातलं अर्धं खरं आहे, आणि ते मी आता पत्रातच लिहिते. तोंडावर बोलले असते तर तुझी सासू आडवी आली असती.

तुझ्या घरात चार वर्षांची मुलगी आहे की एखाद्या संस्थानची राजकन्या, हे मला आठ दिवस बघूनही कळलं नाही. साय चिंधीला, लोणी चिंधीला, वरणावरचं तूप चिंधीला. आणि पंचफुला शेजारी बसून कोरडी भाकर चावते. धाकटीच्या ताटाकडे ती बघतसुद्धा नाही, इतकी सवय झाली आहे पोरीला. एक मुलगी कोरडी आणि दुसरी तुपात, ही कुठली रीत ग? मुलाला भरवलं असतंस तर मी शब्द काढला नसता. माझे पंजाब आणि किसन खातात ते अंगी लागतं, उद्या दोघं दुकानात उभे राहतील. चिंधी कुणाचं दुकान चालवणार आहे? हुंडा द्यायचा आणि वर साय पण घालायची?

आणि ती आंघोळ! तुझ्या सासूबाई अंबूबाई न्हाणीचं दार लावून चिंधीला न्हाऊ घालतात. मी नुसतं म्हटलं, "द्या, मी घालते." तर म्हातारी माझ्यावर खेकसलीच. "काई गरज नाही!" म्हणे. चार वर्षांच्या पोरीला कसला आलाय पडदा?

तुझे तीन मुलगे गेले, ते दुःख मला कळतं केसर. तिघांच्या पाठीवर पुन्हा मुलगी झाली म्हणून तुझं पत्र आलं, तेव्हा मी देवासमोर बसून रडले होते. पण म्हणून मुलीला मुलगा करून मिरवायचं का? लोक हसतात.

पंचफुलाला मात्र मी मानते. तुझी सगळी पत्रं तीच लिहिते हे मी ह्यांना सांगितलं तर यांचा विश्वास बसेना. नऊ वर्षांच्या पोरीचं अक्षर असं, की दुकानातल्या दिवाणजीला लाज वाटावी. तिला माझ्याकडे पाठवून दे. इथल्या शाळेत जाईल, मला स्वयंपाकात हात होईल. तिला दिलेला निळा फ्रॉक तिलाच घालू दे, चिंधीसाठी कापून लहान करू नकोस. तुझं काही खरं नाही.

तुझी,
अन्नपूर्णा


वरवट बकाल, २ ऑगस्ट १९६७

ती. ताईस,

केसरचा नमस्कार. तुझं पत्र पंचफुलानं वाचून दाखवलं. सायीचं आलं तिथं ती थांबली. मी म्हटलं, "वाच, काऊन थांबली?" मग तिनं पुढचं वाचलं. मी आपल्या बोलीत सांगते आणि ती शाळेतल्यासारखं लिहिते, त्यामुळे माझी पत्रं माझ्यापेक्षा शहाणी वाटतात.

तू रागावलीस, रागव. मोठी आहेस. पण चिंधीत सासूबाईंचा जीव आहे. तिघं नातू हातातून गेल्यावर म्हातारीला लळा लावायला काहीतरी पाहिजे होतं. डिसेंबरात चिंधीला पाच वर्षं पूर्ण होतील. तेव्हा देवीला जायचं ठरलं आहे. तुला आणि भाऊजींना बोलावीन, त्या दिवशी तुला एक गोष्ट सांगायची आहे. आज विचारू नकोस, मला सांगता येणार नाही.

पंचफुलाला पाठवता येणार नाही. ती गेली तर पाणी कोण भरेल, शेण कोण उचलेल, चिंधीला कोण सांभाळेल? आणि तुला पत्र कोण लिहील? मुलीच्या जातीला शाळा गावातली पुरे.

दुसरं असं, की मला पुन्हा दिवस गेले आहेत. चौथा चालू आहे. सासूबाई म्हणतात, पोट पुढे आहे, मुलगाच आहे. तू महाराजांच्या पायाशी नारळ ठेव.

लि. केसर
हस्ते पंचफुला


शेगाव, १८ सप्टेंबर १९६७

चि. केसर,

आशीर्वाद. नारळ ठेवला. एकाच्या जागी दोन ठेवले.

सध्या मुलांना घेऊन इकडे येऊ नकोस. आमच्या गल्लीत घशाची साथ आली आहे. घटसर्प म्हणतात. घशात पांढरा पडदा धरतो आणि लेकराचा श्वास कोंडतो. मागच्या आळीतल्या आशाबाईचा नातू दोन दिवसांत गेला. तेव्हापासून मी पंजाब आणि किसनला दाराबाहेर सोडलेलं नाही.

त्याच्यावर टोचायचं औषध असतं, पण ते वेळेत मिळालं तर. ह्यांनी अकोल्याला जाऊन दोन बाटल्या आणल्या, एक पंजाबची, एक किसनची. औषध गार ठेवावं लागतं म्हणून डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये नावं घालून ठेवल्या आहेत. मी रोज जाऊन बघून येते. डॉक्टर हसतात. हसू देत. त्यांना दोन मुली आहेत, त्यांना काय कळणार?

तू जप. जड उचलू नकोस. पाण्याला पंचफुलाला पाठव.

तुझी,
अन्नपूर्णा


वरवट बकाल, ४ ऑक्टोबर १९६७

ताई,

हे पत्र कडूबा कंडक्टरच्या हाती देत आहे. तो सकाळच्या गाडीनं शेगावला येतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत इकडे येतो. त्याला थांबवून घे.

चिंधीचा घसा धरला आहे. कालपासून गिळत नाही, अंग तापलं आहे, मान सुजली आहे. सकाळी कंपाउंडरनं घशात बॅटरी मारून पाहिलं. म्हणाला, "हे घटसर्प हाये बाई. माह्याजवळ याचं औषद नाही. शेगावात असन तं आजच्या आज आणा, टोचून मी देतो. लेकरू हालवू नोका, रस्त्यात श्वास कोंडन." पंचफुलाचे बाबा खामगावला धावले आहेत, पण तिथं मिळेल की नाही कुणाला ठाऊक. तुझ्याकडे आहे हे मला ठाऊक आहे.

एक बाटली पाठव. तुझी मुलं ठणठणीत आहेत. भाऊजी पुन्हा अकोल्याहून आणतील. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही.

ताई, तू चिंधीला मुलगा समज. केसरचा मुलगा आजारी आहे असं समज आणि पाठव. याहून जास्त मला लिहिता येत नाही. सासूबाई समोर बसल्या आहेत. लवकर कर.

केसर
हस्ते पंचफुला


शेगाव, ४ ऑक्टोबर १९६७

चि. केसर,

कडूबा दारात उभा आहे, म्हणून घाईत लिहिते.

तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त राग आला. बाटल्या दोन आहेत आणि माझी मुलं दोन आहेत. किसन सकाळपासून शिंकतो आहे. रात्रीतून त्याचा घसा धरला आणि मी बाटली तुझ्या पोरीला देऊन बसले असले, तर मी ह्यांना काय तोंड दाखवू? यांना विचारलं. ते म्हणाले, "पोरीसाठी पोराचं औषद देतं का कोणी? येडी झाली का तुही बहीण?" मला त्यांचं पटलं.

मुलगा समज, म्हणतेस. समजल्यानं मुलगा होतो का ग? तसं असतं तर घरोघर सगळ्यांनी समजूनच घेतलं असतं.

आणि तूच आठव. मागच्या साली पंचफुलाला गोवर आला, तेव्हा मी विचारलं होतं, डॉक्टर घेऊन येऊ का? तू लिहिलंस, "पोरीची जात आहे, उठेल आपोआप, उगाच खर्चात पडू नका." तापात पडलेल्या पोरीकडूनच ते लिहून घेतलं होतंस, अक्षर थरथरलेलं होतं. उठली की नाही ती? तशीच ही उठेल. तुपावर वाढलेली आहे, जास्तच लवकर उठेल.

हळदीचं गरम दूध दे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करव. सोबत महाराजांचा अंगारा पाठवते, कपाळाला आणि घशाला लाव. तू स्वतः तिच्याजवळ फार बसू नकोस. तुझ्या पोटातल्याला जप, खरं जपण्यासारखं तेच आहे.

तुझी,
अन्नपूर्णा


वरवट बकाल, ९ ऑक्टोबर १९६७

ताईस,

अंगारा मिळाला. लावला.

सहा तारखेला उजाडताना गेला. शेवटी श्वास घेताना गळ्यातून आवाज यायचा, तो आवाज अजून घरात आहे असं वाटतं. पंचफुलाचे बाबा खामगावहून हात हलवत आले.

आता लिहायला हरकत नाही. ताई, चिंधी मुलगा होता.

तिसरा मुलगा गेला तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, "आता पोरगा झाला तं कोणाले सांगू नोका. पोरगी झाली म्हना. पाच वर्सं फ्राक घाला, नाक टोचा, चिंधी म्हना. ज्याले न्यायचं तो पोराले न्यायले येते, पोरीकडे तो पाहत नाही." आम्ही तसंच केलं. सुईणीला शपथ घातली. तुझ्या घरी दार लावून आंघोळ घातली. तुला चिठ्ठीत लिहिलं, मुलगी झाली. चार तारखेला मी म्हणत होते, ताईला खरं कळवू या. सासूबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या. म्हणाल्या, "दोन महिने राह्यले. आता तोंडातून काढलं तं तू माह्या नातवाले खाल्लं समज." म्हणून मी तेवढंच लिहिलं, मुलगा समज. मला वाटलं, तू माझी बहीण आहेस, तुला कळेल.

ज्याला फसवायला निघालो तो फसला नाही. फसलीस तू.

नेण्याआधी सासूबाईंनी फ्रॉक काढला आणि माझ्या पहिल्याची जरीची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली. तेव्हा गावाला कळलं. आणि तेव्हा बायांनी ऊर बडवून घेतला. फ्रॉकमध्ये होता तोवर दारात चार बाया नुसत्या बसून मिरच्यांचा भाव बोलत होत्या.

मी तुला शिव्या देणार होते. पंचफुला दौत घेऊन बसली होती. पण शिव्या आल्या नाहीत. तुझ्या जागी मी असते आणि तुझी मुलगी आजारी असती, तर मीही अंगाराच पाठवला असता. म्हणून आणखीच जळते.

केसर
हस्ते पंचफुला


शेगाव, १२ ऑक्टोबर १९६७

केसर,

अग, मला का सांगितलं नाहीस? एक शब्द! कडूबाच्या कानात सांगायचं होतंस, "पोरगा आहे." मी दोन्ही बाटल्या पदरात बांधून स्वतः आले असते. गाडी नसती तर पायी आले असते. मी बहिणीच्या मुलाला अंगारा पाठवला! किसनच्या शिंका दुसऱ्या दिवशी थांबल्या. बाटल्या तशाच आहेत, नावं घातलेल्या.

तीन दिवस मी चुलीजवळ गेलेले नाही. हे काल दुकानातून आले आणि म्हणाले, "पोरगा होता व्हय? अरे अरे अरे." आणि कोपऱ्यात तोंड फिरवून बसले. खोटं कशाला बोलू, मुलगी असती तर मी एक दिवस रडून चुलीला लागले असते. पण हा तर घराण्याचा दिवा होता आणि तो माझ्यामुळे विझला. माझ्या डोळ्यांसमोर तो नाक टोचलेला, साय खाणारा येतो आणि मी त्याच्यावर केलेल्या मस्कऱ्या आठवतात. मला मारून टाकावंसं वाटतं स्वतःला.

आता उशीर झाला, तरी माझ्या जिवाचं समाधान म्हणून एक बाटली कडूबाबरोबर पाठवते. पंजाबची आहे. तुझ्या पोटातल्याच्या कामी येईल, घरात असू दे. तो मुलगाच आहे, मला आतून वाटतं. यावेळी माझ्यापासून लपवू नकोस, तुझ्या पाया पडते.

बाटली थर्मासमध्ये बर्फात घातली आहे. थर्मास ह्यांचा आहे, दुकानात लागतो, तेवढा परत पाठव. पंचफुलाला सांग, काचेचा असतो, पाडू नको म्हणावं.

तुझी पापी बहीण,
अन्नपूर्णा


वरवट बकाल, १३ ऑक्टोबर १९६७

ती. ताईस,

थर्मास काल संध्याकाळी मिळाला. बाटली आतच ठेवून परत पाठवत आहे, रागानं नाही. कंपाउंडर म्हणाला, इथं बर्फ नाही, उद्यापर्यंत औषध बिघडेल. तुमच्या डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये ठेवून दे. नाव घाल, केसरचा मुलगा. मला जानेवारीपर्यंत दिवस आहेत. झाला की कळवीन.

पंचफुलाचा घसा परवापासून धरला आहे. अंगात ताप आहे. ती चिंधीजवळच झोपायची. कंपाउंडर थर्मास पाहून खूश झाला होता. म्हणाला, "बरं झालं आलं ते. आना, पोरीले टोचून देतो, अजून टाइम गेला नाही." सासूबाईंनी थर्मास पदराखाली घेतला. "एकच हाये," म्हणाल्या. "पोटातल्याची हाये ते. पोरीले काय होते? तिले गोवरानं काई केलं नाही." कंपाउंडर पिशवी उचलून गेला. पंचफुलाचे बाबा बाजेवर बसले होते, ते उठून गाईकडे गेले. मीही सासूबाईंना अडवलं नाही. चिंधी गेल्यापासून माझ्यात बोलायला जीव राहिलेला नाही.

आणि तुला खरं सांगते, मनात एक येतं. चौघं मुलगे गेले आणि हीच कशी राहिली? यांच्यापैकी एकाच्या बदल्यात ही गेली असती तर? पंचफुला इथं थांबली. मी म्हटलं, "लिही, लिही. थांबू नको." तिनं लिहिलं आहे, वाचून घे.

लि. केसर
हस्ते पंचफुला

ता.क. मावशी, मी पंचफुला. हे आईनं सांगितलेलं नाही, माझं आहे. थर्मास मी पाडला नाही. धुवायचा होता, पण आत बाटली असल्यामुळे नुसता बाहेरून पुसला. बर्फाचा एक तुकडा मी काढून खाल्ला. मी बर्फ पहिल्यांदाच पाहिला. घशाला फार बरं वाटलं. मोठा तुकडा बाटलीजवळ तसाच ठेवला आहे. आजीला सांगू नको. गिळताना दुखतं म्हणून अक्षर वाकडं आलं आहे, पुढच्या पत्रात चांगलं काढीन. चिंधीला मी रोज पाठीवर घेत होते, ते तू पाहिलं होतंस ना?


वरवट बकाल, २० जानेवारी १९६८

ती. ताईस,

केसरचा नमस्कार. ऑक्टोबरनंतर पत्र टाकायचं राहून गेलं. सांगण्यासारखंही काही नव्हतं.

आज आनंदाची बातमी आहे. मला मुलगा झाला. आज त्याला नववा दिवस. यावेळी लपवलं नाही, सगळ्या गावानं पाहिला. झाल्याबरोबर सुईणीनं त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवला आणि केराबरोबर सुपात उचलून घरात आणला. म्हणून नाव उकंडा ठेवलं आहे. सासूबाई म्हणाल्या, "बस, एवढं पुरे. फ्राक नोको." रंग आमच्यावर गेला आहे, नाक तुझ्यावर. भाऊजींना म्हणावं, जरीची टोपी तुमच्याकडून पाहिजे.

ती बाटली जपून ठेवली आहेस ना? नाव घातलं आहे ना? डॉक्टरांना विचार, अजून किती दिवस चालते. बिघडायला आली असेल तर भाऊजींना अकोल्याहून नवी आणायला सांग, आता विचारायची गरज ठेवू नकोस.

गाय व्याली आहे, दूध भरपूर आहे. पाणी आणि शेण सध्या सासूबाईच करतात, त्यांना झेपत नाही. मी उठले की मलाच करावं लागेल. तू दिलेला निळा फ्रॉक चांगल्या कापडाचा होता, तो उसवून बाळाला दुपटं शिवलं. नवाच होता, दोनदा-तीनदाच घातला होता.

हे पत्र सहदेव मास्तरांकडून लिहून घेत आहे. ते शाळा सुटल्यावर येतात, त्यामुळे थोडक्यात आवरते. घरात आता लिहिणारं कोणी नाही.

लि. केसर
हस्ते सहदेव मास्तर